पिस्तूल अडकलं, तर आधी पुंगळी वाचा

रॅपिड फायरची चार सेकंदांची सिरीज चालू आहे. लाल दिवा सात सेकंद राहून हिरवा होतो, हात वर येतो, पहिली गोळी सुटते, दुसरी, तिसरी, आणि चौथ्या लक्ष्यावर ट्रिगर दाबूनही काहीच होत नाही. पाच लक्ष्यांवर पाच गोळ्या, आधी आठ, मग सहा आणि शेवटी चार सेकंदांत, असा हा प्रकार. अशा घाईत बहुतेकांचा दुसरा हात आपोआप बोल्टकडे जातो. बोल्ट खेचला, अडकलेली पुंगळी (काडतुसाचं रिकामं कवच) खाली पडली, पिस्तूल मोकळं झालं. पण त्याच क्षणी दोन गोष्टी हातच्या गेल्या: नियमाने मिळू शकणारी संधी, आणि पिस्तूल का अडकलं याचा एकमेव पुरावा.

नियमाचं आधी सांगतो. पिस्तूल बंद पडलं की ते लक्ष्याच्या दिशेनेच धरून ठेवायचं, बोट ट्रिगरवरून काढायचं, मोकळा हात वर करायचा आणि रेंज ऑफिसर येईपर्यंत कशालाही हात लावायचा नाही. पुंगळी बाहेर पडली नाही, ट्रिगर दाबूनही काडतूस फुटलं नाही, फायरिंग पिन तुटली, असं काही निघालं तर तो मान्य बिघाड धरला जातो. तुम्ही स्वतः बोल्टला हात लावलात, सेफ्टी काढायला विसरलात, मॅगझिनमध्ये काडतुसं कमी भरलीत किंवा ट्रिगर पूर्ण पुढे जाऊ दिला नाहीत, तर बिघाड अमान्य, आणि न सुटलेल्या गोळ्यांचे शून्य गुण. २५ जुलै २०२१ ला टोकियोत १० मीटर एअर पिस्तूलच्या पात्रता फेरीत मनू भाकरच्या पिस्तुलात बिघाड झाला, दुरुस्तीत वेळ गेला, आणि ५७५ गुणांवर ती बाराव्या स्थानी राहिली. तिच्या दर्जाच्या खेळाडूवर ही वेळ येते, तर आपण आपल्या पिस्तुलाची नस ओळखून असलं पाहिजे.

हा लेख उरण, द्रोणागिरी, जेएनपीटी वसाहत, करंजा, मोरा या पट्ट्यातल्या नेमबाजांना डोळ्यांसमोर ठेवून लिहितो आहे. या भागातल्या मुलांची सुरुवात बहुधा एअर पिस्तूलने होते. पनवेलच्या कर्नाळा स्पोर्ट्स अकादमीतली नेमबाज सुमा शिरूर यांची ‘लक्ष्य’ संस्था जवळ आहे. पुढे २५ मीटरकडे वळलं की वरळीला महाराष्ट्र रायफल असोसिएशनची रेंज किंवा पुण्यात बालेवाडी गाठावी लागते. १२ जानेवारी २०२४ ला अटल सेतू आणि उरणची लोकल या दोन्हींचं एकाच दिवशी उद्घाटन झालं आणि हा प्रवास सोपा झाला. राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तूलमध्ये सुवर्णपदक मिळवल्यापासून या प्रकाराकडे पाहणाऱ्या मुलीही वाढल्या आहेत. मात्र एअर पिस्तूलमध्ये न भेटणारं एक दुखणं इथे भेटतं. हे पिस्तूल दर गोळीला स्वतःच स्वतःला पुन्हा भरतं, आणि ते भरणं चुकू शकतं.

चुकतं का, हे समजायला आतलं काम समजून घ्या. .२२ लाँग रायफल काडतुसाची २५ मीटर स्पर्धेची पिस्तुलं ब्लोबॅक पद्धतीची असतात. बोल्टला कुलूप नसतं. त्याचं वजन आणि मागची स्प्रिंग यांच्यावरच तो चेंबरपाशी टेकलेला असतो. काडतूस फुटलं की वायूचा दाब गोळीला पुढे ढकलतो आणि तेवढ्याच नेटाने पुंगळीला मागे. पुंगळी बोल्टला मागे रेटते, एक्स्ट्रॅक्टर तिची कड धरून तिला बाहेर ओढतो, इजेक्टरवर आपटून ती उडते, हॅमर चढतो, स्प्रिंग बोल्टला परत पुढे आणते, आणि परतीच्या वाटेवर बोल्ट मॅगझिनमधलं वरचं काडतूस चेंबरमध्ये सारतो. ही सारी कामं ४० ग्रेनच्या, म्हणजे सुमारे २.६ ग्रॅमच्या गोळीमागच्या चिमूटभर दारूवर होतात. जमेची बाजू एवढीच. खर्च मात्र पुष्कळ: स्प्रिंग दाबणं, हॅमर चढवणं, चेंबरमधला चिकटपणा, जाड तेल, मॅगझिनमधल्या काडतुसाचं घर्षण, सैल मनगट. खर्च जमेपेक्षा वाढला की पिस्तूल अडकतं.

कॉम्पेन्सेटर किंवा नळीवरची वायुछिद्रं नेमकी याच हिशेबात हात घालतात. छिद्रांतून वायू वर सुटतो, त्याच्या धक्क्याने नळीचं तोंड खाली राहतं आणि पुढच्या लक्ष्यावर दृष्टी लवकर बसते. नळीच्या तोंडाशी बसवलेल्या कॉम्पेन्सेटरमध्ये वायू आतल्या भिंतीवर आदळून पिस्तुलाला थोडं पुढेही ओढतो. नेमबाजाला हे सुख वाटतं, बोल्टला मात्र ती तूट असते. पुंगळीला मागे रेटणारा दाब लवकर उतरतो. २००५ पूर्वी रॅपिड फायर .२२ शॉर्ट या आणखी मवाळ काडतुसावर खेळली जायची, त्यासाठी हलके बोल्ट आणि भरपूर छिद्रं असलेली पिस्तुलं बनत. २००५ पासून .२२ लाँग रायफल आणि १००० ग्रॅमचा ट्रिगर सक्तीचा झाला. तरीही छिद्रांच्या नळ्या गेल्या नाहीत. काही पिस्तुलांत ही छिद्रं बारीक स्क्रूने बंद किंवा उघडी करता येतात. छिद्रं असलेलं पिस्तूल चांगलं की वाईट, या वादात मी पडत नाही. त्याच्या हिशेबात शिल्लक फार थोडी असते आणि एरवी खपून जाणारी प्रत्येक हयगय त्यात उघडी पडते, एवढं ध्यानात ठेवलं तरी पुरे.

आता पुंगळी वाचण्याकडे येऊ. सरावात पिस्तूल अडकलं की तोंड लक्ष्याकडेच ठेवून ते जसं आहे तसं नीट पाहा. मोबाइलने फोटो काढायचा असेल तर शेजाऱ्याला किंवा कोचला काढू द्या. पुंगळी बोल्टच्या फटीत उभी राहिली असेल, काड्यापेटीतली काडी अर्धवट वर आल्यासारखी, तर ती चेंबरमधून निघाली आहे, पण उडाली नाही. बोल्ट पुरेशा वेगाने मागे गेला नाही, किंवा इजेक्टर झिजला आहे, किंवा एक्स्ट्रॅक्टरची पकड ढिली आहे. ती पुंगळी पुढे हातात घेऊन बाजूने पाहा. एका अंगाला काजळीचा लांब पट्टा असेल तर दाब कमी पडला होता. पुंगळी फुगून चेंबरच्या भिंतीला घट्ट बसली नाही आणि वायू तिच्या बाजूने मागे आला. असे काळे पट्टे एका खोक्यातल्या बऱ्याच पुंगळ्यांवर दिसले तर संशय काडतुसावर घ्या. पुंगळ्या स्वच्छ आहेत आणि तरी उभ्या राहतात, तर संशय पिस्तुलावर किंवा हातावर.

पुंगळी चेंबरमध्येच राहिली आणि बोल्ट तिच्यावर परत आला, तर तिची कड तपासा. कडेवर एक्स्ट्रॅक्टरने ओरखडा काढला असेल किंवा कड फाटली असेल, तर एक्स्ट्रॅक्टरने पकडलं होतं पण चेंबरने सोडलं नाही. चेंबरमध्ये मेण, शिसं आणि काजळीचं कडं साचलेलं असतं. .२२ च्या गोळीवर बाहेरून मेणासारखं वंगण लावलेलं असतं. तेच मळाचं मूळ. कडेवर काहीच खूण नसेल तर एक्स्ट्रॅक्टरच्या खाचेतला मळ किंवा त्याची मागची छोटी स्प्रिंग बघा. आणखी एक कारण नवखे आणि अनुभवी दोघेही विसरतात. रिकाम्या चेंबरवर सराव करताना फायरिंग पिन चेंबरच्या काठावर आदळत राहिली, तर तिथे बारीक उंचवटा येतो आणि पुंगळी त्याला अडते. टॉर्चच्या उजेडात चेंबरचं तोंड पाहा, नख हळूच फिरवून बघा. उंचवटा लागला तर तो काढायला आर्मररकडेच जा. ड्राय फायरसाठी निर्मात्याने दिलेली सोय किंवा प्लास्टिकची डमी काडतुसं वापरा.

सर्वांत बोलकी स्थिती म्हणजे पुंगळी उडाली, बोल्ट बंद, चेंबर रिकामं, आणि मॅगझिनमध्ये काडतूस शिल्लक. आता हॅमर चढला आहे का ते पाहा. बोल्ट मागे जाताना हॅमर आधी चढतो आणि मॅगझिनमधल्या काडतुसाच्या मागे तो त्यानंतर पोचतो. हॅमर चढलेला नसेल तर बोल्ट फारच थोडा मागे गेला. जमेत मोठी तूट आहे. हॅमर चढलेला असेल तर तूट केसाएवढी आहे, किंवा बोल्ट पुरेसा गेला पण मॅगझिनची स्प्रिंग काडतूस वेळेत वर आणू शकली नाही. कारण वेगळं तसा उपाय वेगळा, आणि तो कोणता हे बोल्ट खेचायच्या आधीच कळतं.

गोळीचं टोक चेंबरच्या खाली टेकून राहिलं असेल तर मॅगझिन पाहा. .२२ च्या काडतुसाला बाहेर आलेली कड असते. वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या मागे अडकली की ते पुढे सरकत नाही. भरताना प्रत्येक काडतुसाची कड खालच्याच्या पुढे बसते ना, हे बोटाने चाचपून भरायची सवय लावा. मॅगझिनवर रंगाने १, २, ३ असे आकडे टाका. अडचण एकाच आकड्यावर येत असेल तर पिस्तुलाचं काहीही खोलायची गरज नाही. त्या मॅगझिनचे ओठ वाकले आहेत किंवा स्प्रिंग थकली आहे. या साध्या आकड्यांमुळे नेमबाजांचे किती पैसे वाचतात हे मी रेंजवर पाहिलं आहे, म्हणून हे आग्रहाने सांगतो.

सुरक्षेच्या दोन गोष्टींत तडजोड नाही. ट्रिगर दाबल्यावर आवाजच आला नाही, तर पिस्तूल निदान तीस सेकंद लक्ष्याकडेच धरून ठेवा. काडतूस उशिराने फुटू शकतं. आणि आवाज फुसका आला, झटका नेहमीसारखा बसला नाही, कागदावर भोक दिसलं नाही, तर पुढची गोळी कोणत्याही परिस्थितीत मारायची नाही. गोळी नळीतच अडकलेली असू शकते आणि तिच्यामागे दुसरी मारली तर नळी फुगते किंवा फाटते. पिस्तूल रिकामं करून नळी आरपार दिसते का ते रेंज ऑफिसरसमोर तपासायचं. कॉम्पेन्सेटर असेल तर गोळी त्याच्या आतही अडकलेली असू शकते, म्हणून थेट तोंडापर्यंत प्रकाश दिसला पाहिजे.

इथे उरणच्या हवेबद्दल थोडं सविस्तर बोलायला हवं. समुद्र, खाड्या आणि मिठागरं यांमध्ये राहणाऱ्याला लोखंडाचं काय होतं ते सांगायला नको. खिडकीचे गज, सायकलची साखळी, गेटची कडी सगळ्यांवर ते दिसतं. पिस्तुलात ते दिसत नाही, कारण गंज आधी धरतो तो स्प्रिंगच्या वेटोळ्यांत, एक्स्ट्रॅक्टरच्या पिनपाशी आणि मॅगझिनच्या आत. खारट दमट हवेच्या भीतीने लोक तेल ओततात. त्याने दुसरंच दुखणं येतं: तेलात काजळी कालवली जाऊन चिकट राबडी होते आणि बोल्ट जड सरकतो. माझा सल्ला असा की बोल्टच्या सरकण्याच्या पट्ट्यांवर पातळ तेलाचा एक थेंब बोटाने पसरवा, बाकी भाग तेलाच्या फडक्याने नुसता पुसा, चेंबर आणि नळी गोळीबाराआधी कोरडी करा. काही पिस्तुलांत बोल्टच्या मागे रबराचा किंवा प्लास्टिकचा बफर असतो. तेलाने तो फुगतो, कालांतराने त्याचे तुकडे पडतात, आणि बोल्टची मागची वाट कमी होते. अडकण्याचं कारण आठवडेच्या आठवडे सापडत नसेल तर हा बफर एकदा काढून बघा.

काडतुसांना तेल लागू देऊ नका. गोळी आणि पुंगळीच्या सांध्यातून ते आत झिरपतं आणि कडेतला स्फोटक मसाला किंवा दारू निकामी होते. पिस्तूल फोमच्या पेटीत कायमचं ठेवू नका. फोम ओल धरून ठेवतो आणि धातूला चिकटवतो. घरी परवान्याच्या अटींप्रमाणे कुलपात, तेलाच्या कापडात, सिलिका जेलची पुडी टाकून ठेवा, आणि पावसाळ्यात ती पुडी वारंवार बदला.

आता अटल सेतूवरचा एक अनुभव, जो उरणच्या नेमबाजांना हमखास येतो. वातानुकूलित गाडीत पेटी असते, पिस्तुलाचा धातू थंड झालेला असतो. वरळीला उतरून समुद्राच्या दमट हवेत पेटी उघडली की दोन मिनिटांत बोल्टवर बारीक दव धरतं. ते पाणी मळात आणि तेलात मिसळतं आणि पहिल्या दोन सिरीजमध्ये पिस्तूल कुरकुर करतं; मग गरम होऊन सुधारतं आणि नेमबाज म्हणतो, सुरुवातीला असंच होतं. तसं व्हायला नको. रेंजवर पोचल्यावर पेटी बंदच ठेवून अर्धा तास सावलीत ठेवा, मग उघडा, बोल्ट काढून कोरड्या फडक्याने पुसा आणि पुन्हा तेलाचं बोट फिरवा. याउलट परिस्थिती दिल्लीची. तुघलकाबादच्या डॉ. कर्णी सिंग रेंजवर डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी तेल घट्ट होतं, गोळीवरचं मेण कडक होतं, आणि मे महिन्यात उरणच्या उकाड्यात सुरळीत चालणारं पिस्तूल तिथे अर्ध्यावर थबकतं. उत्तरेकडे स्पर्धेला जाताना पातळ तेल न्या आणि काडतुसांचं खोकं सकाळी उघड्यावर ठेवू नका.

काडतुसांच्या बाबतीत कंजुषी समजण्यासारखी आहे, कारण आयात काडतूस महाग पडतं. पण छिद्रं उघडी असलेल्या पिस्तुलाला सगळीच काडतुसं पचत नाहीत. .२२ च्या स्पर्धेच्या काडतुसाचा वेग ध्वनीच्या वेगाहून कमी, साधारण सेकंदाला ३१० ते ३३० मीटर ठेवलेला असतो. इली, लापुआ, एसके, आरडब्ल्यूएस यांची पिस्तुलासाठीची काडतुसं वेगवेगळी वागतात, आणि एकाच नावाचे दोन लॉटही वेगळे निघतात. खोक्यावरचा लॉट क्रमांक वहीत लिहा. वेगवान, ध्वनीपेक्षा जोरात जाणारं काडतूस घालून अडकणं थांबवायचा मोह धरू नका. बोल्ट मागे आपटतो आणि बफर, पिन, चौकट यांचं आयुष्य घटतं.

काडतूस स्वतः भरण्याचा विचार अनेकांच्या मनात येतो, विशेषतः परदेशातले व्हिडिओ पाहून. .२२ चं काडतूस पुन्हा भरता येत नाही. त्याचा स्फोटक मसाला कडेच्या घडीत असतो आणि पिन ती घडी चेपते. सेंटर फायर काडतूस, म्हणजे बुडाशी मधोमध वेगळा प्रायमर असलेलं, तांत्रिकदृष्ट्या भरता येतं. पण आपल्याकडे शस्त्र कायदा १९५९ च्या कलम ५ नुसार परवान्याशिवाय दारूगोळा तयार करता येत नाही. त्याच कलमात शस्त्रात बदल करणं आणि त्याची दुरुस्ती याही गोष्टी येतात. त्यामुळे नळीला छिद्र पाडणं किंवा कॉम्पेन्सेटरसाठी आटे कापणं परवानाधारक आर्मररच करू शकतो, तुमच्या ओळखीतला लेथवाला नाही. सेंटर फायर पिस्तूल खेळणाऱ्यांना .३२ एस अँड डब्ल्यू लाँगचं सपाट तोंडाचं वॉडकटर काडतूस लागतं. २००६ च्या दोहा आशियाई स्पर्धेत जसपाल राणाने ५९० गुणांनी विश्वविक्रमाशी बरोबरी केली ती याच सेंटर फायर प्रकारात. रिव्हॉल्व्हरसाठी मिळणारं गोल टोकाचं .३२ काडतूस नाव तेच असूनही लांब असतं आणि वॉडकटरच्या मॅगझिनमध्ये बसत नाही. ते कसंबसं कोंबण्यात वेळ घालवू नका.

अमेरिकेत राहणारा भाचा किंवा पुतण्या तिथल्या कायद्याने ९ मिमीची काडतुसं स्वतः भरत असेल आणि कॉम्पेन्सेटर लावलेलं पिस्तूल अडकतं म्हणून फोन करत असेल, तर त्यालाही हाच जमाखर्च लागू पडतो. कॉम्पेन्सेटर वायूवर चालतो. जलद जळणारी दारू कमी प्रमाणात घातली तर वायू कमी निर्माण होतो, कॉम्पेन्सेटर काम करत नाही आणि स्लाइडही पूर्ण मागे जात नाही. मंद जळणारी, प्रमाणाने जास्त लागणारी दारू कॉम्पेन्सेटरला मानवते. प्रमाण मात्र दारू बनवणाऱ्याच्या छापील तक्त्यातलंच घ्यायचं. त्या तक्त्याच्या पलीकडे जाऊन स्लाइड चालवायची नाही. बहुतेक ९ मिमी पिस्तुलांत नळी स्लाइडबरोबर झुकून सुटते, आणि कॉम्पेन्सेटरचं वजन त्या नळीवर लटकलेलं असतं, म्हणून सुटणं मंदावतं. अशा पिस्तुलात रिकॉइल स्प्रिंग थोडी हलकी करावी लागते. फार हलकी केली तर स्लाइड मागे आपटते आणि पुढे येताना काडतूस चेंबरमध्ये पुरतं बसवत नाही. भरलेलं काडतूस नळी काढून चेंबरमध्ये सोडून पाहावं: ‘टक्’ असा आवाज करून आत बसलं आणि उलटं केल्यावर आपोआप बाहेर पडलं तर लांबी आणि काठाची घडी ठीक. अडकलं तर दोष भरण्यात आहे, स्प्रिंगला हात लावू नये. कॉम्पेन्सेटरच्या आतल्या भिंतीवर गोळी घासल्याची चमकदार रेघ दिसली तर ताबडतोब थांबावं. तो सरळ बसलेला नाही.

आपल्याकडच्या छिद्रांच्या पिस्तुलाकडे परत येतो. पिस्तूल नवं असो वा जुनं घेतलेलं, सुरुवात सगळी छिद्रं बंद करून करा. त्या स्थितीत ते निर्धोक चालतं का ते पाहा. चाललं तर नळीच्या तोंडाकडून एक छिद्र उघडा, पुन्हा पाच-पाचच्या सिरीज मारा, मग दुसरं. ज्या छिद्रावर पहिली पुंगळी उभी राहिली, त्याच्या आधीचं छिद्र तुमची मर्यादा, आणि स्पर्धेसाठी त्याहून एक कमी ठेवा. छिद्रांमध्ये शिसं आणि काजळी साचून ती आपोआप लहान होत जातात. मग कसून साफ केल्यावर पिस्तूल अचानक अडकू लागतं आणि नेमबाज गोंधळतो, साफ केलं तर बिघडलं कसं? बिघडलं नाही, छिद्रं मोकळी झाली आणि तूट वाढली. म्हणून मर्यादा ठरवताना छिद्रं स्वच्छ असली पाहिजेत. स्क्रू काढताना-लावताना आटे मरू देऊ नका, सैल स्क्रू गोळीबारात उडतो.

कुठल्याही चाचणीत एका वेळी एकच गोष्ट बदलायची. नवी स्प्रिंग, नवा लॉट आणि साफसफाई एकाच सकाळी केली तर पिस्तूल सुधारल्याचं समाधान मिळतं, कारण कळत नाही. वहीत तारीख, लॉट, उघडी छिद्रं, मॅगझिनचा आकडा, कितवी गोळी, पुंगळी कुठे होती, हॅमर चढला होता का, एवढं लिहा.

हाताचा संशयही मनमोकळेपणाने घ्यावा. ब्लोबॅक पिस्तुलाला मागून आधार लागतो. मनगट सैल असेल तर बोल्टबरोबर सगळं पिस्तूलच मागे जातं आणि बोल्टची चाल कमी पडते. लहान वयाच्या किंवा एअर पिस्तूलवरून नुकत्याच आलेल्या मुलामुलींमध्ये हे सर्रास दिसतं, कारण तिथे झटक्याला तोंड द्यायची सवयच नसते. परीक्षा सोपी आहे. तेच पिस्तूल, तीच काडतुसं, तेच मॅगझिन कोचच्या हातात द्या. त्यांच्याकडे सुरळीत चाललं तर स्क्रू खोलू नका, मनगटाचे व्यायाम सुरू करा. पालकांनी याचा अर्थ मूल दुबळं आहे असा घेऊ नये. पकड ही शिकवायची गोष्ट आहे आणि काही आठवड्यांत येते. ग्रिपचा लाकडी भाग हाताच्या मापाचा नसेल तर आधी तो करून घ्या.

एक गोष्ट उरणकरांना वेगळी सांगितली पाहिजे. दुरुस्तीनंतर ‘एक गोळी मारून बघू’ म्हणून मिठागरात, डोंगरात किंवा पिरवाडीच्या किनाऱ्यावर जायचं नाही. परवानाधारक रेंजबाहेर चाचणी करणं बेकायदेशीर आहे, आणि आपल्या गावात नौदलाचा तळ, बंदर आणि ओएनजीसीचा प्रकल्प आहे. सप्टेंबर २०१६ मध्ये उरणच्या शाळकरी मुलांनी शस्त्रधारी माणसं पाहिल्याचं सांगितल्यावर सगळी किनारपट्टी हाय अलर्टवर गेली होती, ते दिवस विसरू नका. रेंजला जाताना पिस्तूल रिकामं, काडतुसं वेगळ्या डब्यात, परवाना आणि संघटनेचं ओळखपत्र सोबत.

स्पर्धा जवळ आली की बदल थांबवा. ज्या लॉटने पिस्तूल न अडकता चाललं त्याच लॉटची खोकी स्पर्धेपुरती बाजूला काढा आणि सरावात संपवू नका. आदल्या आठवड्यात बोल्ट, चेंबर आणि छिद्रं स्वच्छ करा, आणि त्यानंतर रेंजवर काही सिरीज मारून घ्या, म्हणजे स्वच्छ नळीवर मेणाचा पातळ थर बसेल. पेटीत दोन खात्रीची मॅगझिन, एक सुटी एक्स्ट्रॅक्टर स्प्रिंग, तेलाची छोटी बाटली, ब्रश आणि कोरडं फडकं असावं. आदल्या रात्री नवी रिकॉइल स्प्रिंग कुरिअरने आली तरी ती घालू नका. पुढच्या सरावासाठी राहू द्या.